जुन्या मोंढ्यातली इमारत : पुढचं पाडायचं की मागचं?

पेठेतला_पोरगा | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. भावकीत आधीच धुसफूस आहे आणि हा धागा कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकणारच. लातूर-धाराशिव पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

जुन्या वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत आमची पेठ. धान्याचा मोंढा बाहेर हायवेला गेला, पण कापड, सराफी, भांडी अजून इथंच. आमची इमारत पेठेच्या मधोमध आहे. रस्त्याला लागून तीन दुकानं, कंबरेएवढा ओटा, लाकडी फळ्यांची दारं. वर सज्जा, त्याला बिडाचा कठडा आणि पाच कमानी. मधल्या कमानीवर गिलाव्यात उठवलेले दोन मोर, त्यांच्यामध्ये उर्दू अक्षरांची दगडी पाटी. ढेलजेतून (दारालगतच्या देवडीतून) आत गेलं की वेगळंच घर लागतं: चौक, ओसरी, सागवानी खांब, वर माळवद (मातीचं सपाट छत), माजघराच्या भिंतीत बळद (धान्याची कोठी). मागची एक खोली मागच्या पावसाळ्यात बसली.

आता नगरपालिकेकडून दोन गोष्टी एकदम आल्या. इमारत धोकादायक असल्याची नोटीस, आणि रस्ता रुंदीकरणाची लाल खूण. ही खूण ओट्याच्याही आत, दुकानाच्या पहिल्या खणावर आहे. चुलतभावांचं म्हणणं सरळ आहे: सगळं पाडा, खाली गाळे, वर हॉल. मी पुण्यात असतो, त्यामुळे "तुला काय, तू फोटो काढायला येतोस" हे ऐकून घ्यावं लागतं.

अशा इमारतीत वाचवण्यासारखं नेमकं काय असतं, आणि ते परवडतं का? भावना बाजूला ठेवून बोला. फोटो खाली देतोय.

सोळा_रस्ते | सोमवार, रात्री १०.१५

लातूरचा आहे, त्यामुळे गंजगोलाईपासूनच सुरुवात करणार. गोलाईचा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा, साल १९१७ सांगितलं जातं. मध्ये देवीचं मंदिर, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा एका रस्त्याला, चपला एका रस्त्याला, गूळ-मिरची आणखी एका. निजामाच्या राज्यात बाजार असा आधी कागदावर आखून मग बांधला, हे आज फलकांच्या गर्दीत कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हे का सांगतोय, तर बार्शी लाइट रेल्वे लातूरला १९११ साली पोचली. जालना, सेलू, परभणीकडे गोदावरी खोऱ्याची लाइन त्याच्याही आधी, १९०० च्या आसपास. गाडी आली तशी आडत आली, जिनिंग आल्या, आणि आडत्यांच्या हातात पैसा खेळू लागला. तुझ्या इमारतीसारख्या दर्शनी भागाच्या इमारती बऱ्याचदा याच काळातल्या: खाली पेढी आणि वखार, वर घर. फोटो ४ मध्ये दुकानाच्या छताला लोखंडी गर्डर दिसतायत. त्यावर फरशी आहे का लाकडी पाट?

खडी_वाळू_सिमेंट | सोमवार, रात्री ११.०५

मी स्थापत्य अभियंता. भावना बाजूला ठेवा म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं झोपलेली. किल्लारी, सास्तूर भागात जवळपास आठ हजार माणसं गेली. धक्का ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगात फार मोठा म्हणावा असा नव्हे. माणसं मेली ती घरांखाली. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, बघायला भक्कम. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये माती आणि बारीक खडे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही. हादरा बसला तसे पदर सुटले. आणि माथ्यावर माळवद. गळलं की माती टाक, पुन्हा गळलं की पुन्हा टाक, असं करत फूट-दोन फूट माती साचलेली. ती सगळी अंगावर आली. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली.

तुमच्या मागच्या खोलीचा फोटो पाहिला. पडलेल्या भिंतीच्या पोटातून माती ओघळलेली स्पष्ट दिसते. वारसा वगैरे नंतर. त्या भागात आज कुणी झोपत असेल तर आजच बाहेर काढा.

मृगाआधी | मंगळवार, सकाळी ७.२०

खडी_वाळू_सिमेंट, तुमचं बरोबर आहे. पण माळवदाची बाजू एकदा घरातल्या बाईकडूनही ऐका.

माहेरी आमचं माळवदच होतं. मृग लागायच्या आधी जुनं गवत खुरपून काढायचं, वरची सैल झालेली माती खरवडून खाली टाकायची, मगच नवी पांढरी माती चढवायची. ती चिकट माती पाणी धरून फुगते आणि भेगा आपोआप बुजतात. उतार पन्हळीकडे राहील असं चोपण्याने बडवून घ्यायचं. सवण्यावर (छतातल्या उजेडाच्या भोकावर) झाकण आहे का बघायचं. आजी म्हणायची, "चढवलं तेवढं उतरवायचं." माती उतरवणं हा निम्मा धंदा होता आणि तोच पुढे बंद झाला. गडी मिळेनात, पांढरीची माती मिळेना, घरात म्हातारी दोघं उरली. मग वर प्लॅस्टिक अंथरायचं, त्यावर माती ढकलायची. दोन फूट थर होतो तो असा.

उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीला आमच्या माजघरात पंखा लागत नव्हता, हेही लिहून ठेवते. आता त्याच जागी स्लॅब आहे, आणि एप्रिलपासून रात्री दोनपर्यंत भिंतीला हात लावून बघा.

पेठेतला_पोरगा | मंगळवार, दुपारी १.३०

मागे कुणी राहत नाही, दार लावून टाकलंय. चुलत्यांचं बिऱ्हाड पुढच्या माडीवर आहे.

सोळा_रस्ते, गर्डरवर शहाबादी फरशी आहे, त्यावर चुन्याचा कोबा. दुकानांच्या भिंती पक्क्या वाटतात, मागच्यासारख्या मातीच्या नाहीत. खालच्या दोन-तीन फुटांना मात्र लोणा (ओलीबरोबर फुटणारे क्षार) लागलाय. तिथं कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारून ठेवलेला आहे, तो पापुद्र्यांनी सुटतोय.

पाटीचा जवळून काढलेला फोटो टाकलाय. उर्दू वाचणारं कुणी आहे का? मला फक्त आकडा लागतो: १३४१. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची, बरोबर?

बहमन_महिना | मंगळवार, दुपारी ३.१०

थांबा. १३४१ हिजरी धरलं तर १९२२-२३ येतं, तुम्ही तोच हिशोब केलात. पण पाटीवर आकड्याच्या शेपटीला ‘फे’ आहे, म्हणजे फसली. निजाम सरकारचा महसूल, दफ्तर, नोटिसा सगळं फसलीत चालायचं. ५९० मिळवा. वर्ष ऑक्टोबरात, आजुर महिन्यापासून सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर १९३१ ते ऑक्टोबर १९३२. पाटीच्या तळाशी बारीक देवनागरीत ‘शके १८५३’ खोदलंय, त्यावर चुन्याचे हात बसलेत म्हणून दिसत नाही. १८५३ अधिक ७८ म्हणजे १९३१-३२. दोन्ही जुळतात, शंका नको.

वरची ओळ दुकानाच्या नावाची आहे, आडनाव असल्यामुळे इथं लिहीत नाही, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. त्याखाली बरकतीची दुआ. लिंगायत वाण्याच्या पेढीवर उर्दूत दुआ आणि खाली शके. आमच्याकडे नांदेड जिल्ह्यातही अशा पाट्या होत्या. रंगाऱ्याने डिस्टेंपर मारलं आणि गेल्या. काहीही करा, पण ही पाटी घासायला पॉलिश पेपर वापरू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश.

खडी_वाळू_सिमेंट | मंगळवार, रात्री ९.५०

नवे फोटो पाहिले. माझं कालचं मत मागच्या भागापुरतं कायम. पण पुढची इमारत वेगळीच आहे आणि ही गोष्ट तुमच्या घरात कुणी मांडलेली दिसत नाही.

तुमच्याकडे एका उताऱ्यावर दोन इमारती आहेत. मागची माती-दगडाची, माळवदाची, कदाचित पन्नास-साठ वर्षांनी जुनी. पुढची १९३१ ची, चुन्यात बांधलेली, गर्डर आणि शहाबादीची. शहाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात, गुलबर्ग्याच्या बाजूला. रेल्वेने फरशी यायची, म्हणून आपल्याकडे ही छतं एवढी दिसतात. पुढच्या भागात बळ आहे. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. भुगा सहज निघाला तर काळजी, नुसता ओरखडा उठला तर चुना शाबूत आहे.

बघण्याच्या जागा दोनच. गर्डरची भिंतीत गेलेली टोकं, कारण पन्हळीचं पाणी तिथंच मुरतं आणि लोखंड फुगलं की वरचा दगड उचलतो. दुसरी जागा खालचा लोणा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट चोपलं की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती वर चढते आणि क्षार आतून दगड-वीट खात जातात. सिमेंटचा गिलावा आधी काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा, मग चुन्याचा गिलावा. जमलं तर बाहेरची नाली भिंतीपासून लांब सरकवून घ्या. निम्मा लोणा त्या नालीचाच असतो.

आता गंमत बघा. नोटीस आलीय मागच्या भागामुळे. रुंदीकरणाची खूण आहे पुढच्या भागावर. म्हणजे धड आहे ते कापलं जाणार आणि पडकं आहे ते तसंच राहणार. आणि पहिला खण कापला तर फक्त ओटा जात नाही. गर्डर पुढच्या भिंतीवर बसलेत. ती भिंत गेली की पाच कमानी, सज्जा, मोर, सगळं जातं. मग उरलेल्या तोंडाला शटर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, नेहमीप्रमाणे.

गाळा_नंबर_तीन | बुधवार, सकाळी १०.३०

मी दुसऱ्या गावचा, जुन्या पेठेतला भाडेकरू दुकानदार. सगळे मालकाच्या आणि इमारतीच्या बाजूने बोलतायत, म्हणून आमचंही ऐका.

गिऱ्हाईक मोटारसायकल लावायला जागा शोधतं, मोर शोधत नाही. सणाच्या दिवसांत आमच्या पेठेत बैलगाडी, टमटम आणि बाया-माणसं एकाच दहा-बारा फुटांत. रुंदीकरण हवं असं म्हणणारे दुकानदारच जास्त आहेत, नगरपालिका नाही. आणि मालक दुरुस्ती का करत नाहीत तेही सांगा की. आमचं भाडं आजोबांच्या वेळी ठरलेलं. इमारत पडली तर मालक सुटतो, आम्ही रस्त्यावर. म्हणून आम्ही गळक्या छताखाली बसतो पण हलत नाही.

तारखेला_हजर | बुधवार, दुपारी १२.१५

वकिली करते, म्हणून थोडं. मराठवाड्यात घरभाड्याला १९५४ चा हैदराबादचा कायदा होता, २००० पासून राज्यभर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. जुन्या भाडेकरूला संरक्षण दोन्हीत आहे. पाडून नवं बांधायचं म्हणून खाली करायला सांगितलं तरी नव्या इमारतीत जागेचा हक्क मागता येतो. "पाडलं की भाडेकरू गेला" हा हिशोब चुलतभावांनी केला असेल तर त्यांना हे दाखवा.

धोकादायक इमारतीची नोटीस म्हणजे पाडण्याचाच हुकूम असतो असं नाही. शब्द नीट वाचा, बऱ्याचदा दुरुस्ती करा किंवा उतरवा असं असतं. लेखी उत्तर द्या, सोबत स्ट्रक्चरल ऑडिट जोडा, आणि त्यात दोन भाग वेगळे दाखवायला सांगा. वरच्या साहेबांनी म्हटलं तेच, पण सही-शिक्क्यानिशी. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत नगरपालिकांसाठीही वारसा इमारतींची तरतूद आहे. पण त्यासाठी आधी यादी लागते, आणि यादी कुणी केलेली नसते. अर्ज एकट्या इमारतीचा नको, दहा-बारा मालकांचा मिळून पेठेचा करा. पुरातत्त्वचा १०० मीटरच्या आत बांधकामबंदीचा नियम तुमच्या कामाचा नाही, तो केंद्राच्या संरक्षित स्मारकाजवळच लागतो.

सगळ्यात आधी उतारा बघा. किती नावं आहेत? एक हिस्सेदार अडला तर दुरुस्तीही अडते आणि पाडणंही.

सोळा_रस्ते | बुधवार, सायंकाळी ६.४०

गाळा_नंबर_तीनचा मुद्दा रास्त आहे. पण पेठ रुंद केली की गर्दी कमी होते हे मी अजून कुठल्या गावात पाहिलेलं नाही. मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या दिवशी हातगाडे लागतात.

एक वेगळा मार्ग सुचतो. खालच्या मजल्याचा पहिला खण दुकानदारांनी सोडायचा, ओटा उतरवून तिथं चालायला मोकळी पडवी करायची. माणसं पडवीतून, गाड्या रस्त्यावरून. वरचा सज्जा, कमानी जागच्या जागी. नगरपालिकेला हवी ती रुंदी चालण्यापुरती मिळते. पावसात आणि मे महिन्याच्या उन्हात ही पडवी गिऱ्हाइकाला कुठल्याही मॉलपेक्षा बरी.

गाळा_नंबर_तीन | बुधवार, सायंकाळी ७.०५

आणि त्या खणाचं भाडं कोण सोडणार? सोळा फूट खोल दुकान आठ फुटांवर येणार. आधी तेवढं लिहा.

खडी_वाळू_सिमेंट | बुधवार, रात्री ८.२०

सोळा_रस्ते, होऊ शकतं, पण भिंत आहे तिथं खांब नसतो. खालच्या भिंतीत दारांची भोकं आधीच असतील, मधला भाग राहिलाच पाहिजे. ती आखणी जागेवर जाऊनच. इथं बसून कुणी "पाडा मधलं" म्हणू नका.

दादाच_मी | बुधवार, रात्री १०.५५

ओळखलं. मोर बघून कोण ओळखणार नाही?

मी तोच चुलतभाऊ. काय लिहूलालास सगळ्या जगाला? बरं, लिहिलंस तर आता माझंबी वाचा. मागच्या माळवदावर माती कुणी चढवली? माझ्या बापानं, मग मी. तू दिवाळीला यायचास. पावसाळ्यात रात्री उठून बादल्या ठेवायच्या, पोरं झोपेतून उचलून पुढं आणायची. तवा कुणी वारसा म्हणलं नाही. मला राहायला घर पाहिजे. संडास-बाथरूम असलेलं, न गळणारं, नीट घर. हॉलबिल माझ्या डोक्यात नाही, ते धाकट्याचं खूळ आहे.

पण हे दोन इमारती वेगळ्या म्हणणारे साहेब बरोबर बोलले. आमच्या मिस्त्रीनं पुढची भिंत तोडायला म्हणून एक दगड काढायचा प्रयत्न केला होता. दिवस गेला, दगड निघाला नाही. पुढचं राहू द्या, मागं मला बांधू द्या, असं कुणी म्हणत असेल तर मी बसायला तयार आहे.

मृगाआधी | गुरुवार, सकाळी ७.१०

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मागचं उतरवताना सागवानी खांब आणि तुळया लाकडाच्या वखारीला किलोवर घालू नका. एजंट आधी दारांच्या चौकटी मागतो, मग खांब. पैठणच्या कोरीव वाड्यांतलं किती लाकूड असंच शहरातल्या हॉटेलांच्या लॉबीत गेलंय. ओसरीचे चार खांब नव्या घराच्या पडवीला लावा. आणि बळद फोडाल तेव्हा आत हात घालण्याआधी काठी फिरवा, साप असतो.

खडी_वाळू_सिमेंट | गुरुवार, सकाळी ९.३०

दादा, तुम्ही आलात ते बरं झालं. मागे नवं बांधणार असाल तर चार गोष्टी, क्रम चुकवू नका.

माळवद वरून खाली उतरवा: आधी माती, मग किलचा (मातीखालचा लाकडी काटक्या-फळ्यांचा थर), मग तुळया, शेवटी भिंती. जेसीबी आत घालू नका, त्याच्या हादऱ्याने पुढचं दुखेल. पुढची आणि मागची इमारत जिथं मिळते ती भिंत कुणाची आहे ते आधी तपासा. गर्डरचं दुसरं टोक तिच्यावर असणार, म्हणून ती राहील. नवं आरसीसी तिच्यापासून सुटं, मध्ये हातभर अंतर. पाया त्या भिंतीला लागून खणू नका. तुमच्याकडे काळी माती असेल तर खड्डा पावसाळ्यात उघडा ठेवणं म्हणजे जुन्या भिंतीचा पाय काढून घेणं. चौकातला आड बुजवायचा असेल तरी बांधकाम त्यावर नको.

ज्यांना माळवद ठेवायचंच आहे अशा इतर वाचकांसाठी: माती काढून पातळ थर ठेवायचा, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरायचं म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात, खांब-तुळईच्या कोनात तिरके आधार द्यायचे. किल्लारीनंतर दुरुस्तीच्या कामांत हेच सांगितलं गेलं. कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभाच होता, भिंतींनी दगा दिला.

पेठेतला_पोरगा | गुरुवार, दुपारी २.००

दादा, फोन केला असता तर... असो, इथंच बोलू, साक्षीदार आहेत.

मागची जागा तुझ्याकडे, घर तू बांध. पुढच्या दुरुस्तीचा खर्च मी आणि धाकटा. दुकानांचं भाडं पाच वर्षं दुरुस्तीच्या खात्यात. हे कागदावर आणायला वकीलताईंना व्यनि करतोय. पडवीचं दुकानदारांशी बोलल्याशिवाय मी काही कबूल करत नाही, गाळा_नंबर_तीनने विचारलेला प्रश्न आमचेही भाडेकरू विचारणार. पेठेतले आणखी सात-आठ मालक अर्जावर सही करतील असं वाटतं. सराफा गल्लीतले करणार नाहीत.

आता चुन्याचं. गावात सगळे मिस्त्री सिमेंटवाले.

बहमन_महिना | गुरुवार, दुपारी ४.४५

गुरुद्वारा, दर्गे, जुन्या देवळांची कामं करणारे कारागीर शोधा, नांदेडला आणि संभाजीनगरला मिळतात. पिशवीतली रंगाची फक्की आणू नका. कळीचा चुना आणून हौदात भिजवायचा, वर पाण्याचा थर ठेवून निदान काही आठवडे मुरू द्यायचा. पूर्वी बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचे, आता मिक्सरसारखं यंत्र मिळतं. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालतात, पण प्रमाण कारागिरालाच ठरवू द्या. गिलावा ओल्या गोणपाटाखाली ठेवा, भर मे महिन्यात काम धरू नका.

दादाच_मी | गुरुवार, रात्री ९.१५

हौद आहे. गुरांचा आहे, पण धुऊन घेतो. चुना किती लागंल ते सांगा, बाकी रविवारी ये, वकीलबाईचा कागद घेऊन ये. आणि लाल खुणेवर कुणी रंग मारू नका, धाकट्यानं डबा आणून ठेवलाय.

तारखेला_हजर | गुरुवार, रात्री ९.२२

खूण पुसू नका! फोटो काढा, अंतर मोजा, नोटिशीच्या उत्तराला जोडा. मुदत कधी संपतेय?

पेठेतला_पोरगा | गुरुवार, रात्री ९.३०

पुढच्या बुधवारी. उत्तराचा मसुदा उद्या रात्री इथं टाकतो, नावं काढून.